सात फटींची जीप

माझा नातू पुण्याला कॉलेजात आहे. त्याच्या दोस्तांचा एक खेळ आहे. एकानं गाडीचा अगदी जवळून काढलेला फोटो दाखवायचा. दिव्याची कड, दाराची मूठ, नाहीतर नुसता चाकाचा नट. बाकीच्यांनी गाडी ओळखायची. परवा सुटीला आला तेव्हा एक फोटो त्याला काही केल्या उमगेना. हिरवा पत्रा आणि त्यात उभ्या दोन फटी, बस्स. मी जेवता जेवता वाकून बघितलं आणि म्हटलं, "जीप हाय. जुनी, महिंद्राची. पुरा फोटो मागीव, सात फटी निघतील."

निघाल्या. "आबा, तुम्हाला कसं कळलं?" पोरगं म्हणालं.

तेच सांगतो. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, डांबरी सडकेपासून दोन मैल आत. माझ्या लहानपणी गावात कुणाची मोटार नव्हती. सडकेकडून येणाऱ्या कच्च्या वाटेला निवडुंगाचं दाट कुंपण होतं आणि त्याला मधे मधे भगदाडं पडलेली. आम्ही पोरं शेरडं सोडून कुंपणाआड बसायचो. गाडी आली की भगदाडातून तिचा हातभर तुकडा दिसायचा, तोही क्षणभर. तेवढ्यावरनं गाडी सांगायची. चिंचोक्यांची पैज. हरला त्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्यांची शेरडं वळायची.

गाड्यांची नावं मला सडकेवरच्या पंक्चरवाल्यानं शिकवली. ट्रकच्या नाकावर तीन पात्यांचा तारा असला तर तो टाटा मर्सिडीज. टाटांनी १९५४ साली जर्मनांशी करार करून जमशेदपूरला ट्रक काढले, म्हणून तो तारा. १९६९ ला करार सरला, मग ताऱ्याच्या जागी टाटांचा 'टी' आला. पंक्चरवाला नुसतं नाक बघून सांगायचा, हा ट्रक करारातला आणि हा करारानंतरचा.

अँबॅसिडर कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला व्हायची. मूळ विलायतेची मॉरिस ऑक्सफर्ड. मार्क टू असली तर नाकाची जाळी बारीक चौकटींची. गावात अँबॅसिडर शिरली म्हणजे पुढारी नाहीतर मोठा साहेब. फियाट मुंबईची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. तो कारखाना काढणारे वालचंद हिराचंद आमच्या सोलापूरचे, म्हणून फियाट म्हणजे आपल्या घरची गाडी असं आम्हाला वाटायचं. जुन्या गोलमटोल फियाटला लोक डुक्कर फियाट म्हणत. तिच्या पुढच्या दाराच्या बिजागऱ्या मागच्या अंगाला. दार उलटं उघडताना दिसलं की दुसरं काही बघायचं काम नाही.

आणि जीप. अमेरिकेच्या विलीज कंपनीची जीप महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत जुळवायला घेतली. लढाईतल्या जिपेच्या नाकाला नऊ फटी होत्या, लढाईनंतर लोकांसाठी काढली तिला सात. वाट कसली का असंना, चिखल असो की ओढा, ती चारी चाकांनी ओढ घेऊन निघायची. म्हणून जो तो सरकारी माणूस जिपेतच फिरायचा. तहसीलची जीप, पाटबंधाऱ्याची जीप, दवाखान्याची जीप. आणि कर्जवसुलीचीही जीपच.

आमच्या दादांनी विहिरीवर इंजिन बसवायला कर्ज काढलं होतं. ७१ ला पाऊस दगा देऊन गेला, ७२ ला तर पडलाच नाही. विहिरीचा तळ उघडा पडला, इंजिन गप झालं, हप्ता मात्र गप बसंना. शेजारच्या गावात वसुलीची जीप येऊन एकाचं इंजिन आणि घरातली तांब्याची भांडी घेऊन गेली होती. वसुली आता थांबलीय असं कुणी म्हणे, थांबली नाही असंही कुणी म्हणे. दादांनी मला जवळ बोलावलं. "तुला लांबनं गाडी कळती न्हवं? जीप दिसली की पळत ये."

मी बारा वर्षांचा. खेळाची राखणदारी झाली, याचा मला अभिमानच वाटला.

एका सकाळी धुरळा उठला. भगदाडातून उभ्या फटी सरकल्या. मी आडवाटेनं जीव खाऊन पळालो आणि वेशीपासनंच ओरडलो, "जीप! जीप आली!" क्षणात गाव रिकामं झालं. कुणी बैलं ओढ्यात घातली, कुणी भांडी कडब्यात लपवली. दादा आणि चुलत्यांनी इंजिन सोडवून गाडीवर घातलं आणि माळाच्या पल्याड नेलं. जीप चावडीपुढं थांबली, घटकाभर उभी राहिली, माघारी गेली.

दुपारी कळलं. जीप दुष्काळी कामाची होती. नाल्याला बांध घालायचं काम कुठं काढायचं ते बघायला आणि मजुरांची नावं लिहायला साहेब आले होते. चावडीत एक बहिरी म्हातारी तेवढी भेटली. साहेब पुढच्या गावाला गेले, तिथं दोनशे माणसं उभी होती. काम तिकडं निघालं.

त्या उन्हाळाभर आमचं गाव पहाटे उठून अडीच कोस चालत त्या कामावर गेलं. आई डोक्यावर पाटी आणि कडेला धाकटी बहीण घेऊन जायची. संध्याकाळी मिलोची लाल भाकरी. कामावर पोरांना सुकडी मिळायची, ती आई पदरात बांधून माझ्यासाठी आणायची. ती सुकडी माझ्या घशाखाली उतरत नव्हती.

मला वाटलं दादा फोडून काढतील. त्यांनी हात लावला नाही. एवढंच म्हणाले, "जीप व्हती हे तर खरंच हाय. तू काय चुकला? त्यात कोन बसलंय ते आमी बघायला पायजे हुतं. आमी पळालो."

त्यानंतर मी चिंचोक्यांच्या पैजेला बसलो नाही. गाडी आली की फटी मोजायच्या आधी माणसं बघायचो. मागं फावडी आहेत की औषधाची पेटी, खाली उतरणाऱ्याच्या काखेत कसली वही आहे. १९७७ ला रोजगार हमीचा कायदा झाला, कामाची मागणी हा हक्क झाला. आमच्या गावात पहिला अर्ज लिहिला तो मीच.

नातवानं हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आबा, आता वसुलीचा माणूस आला तर कसा ओळखणार?"

आता तो साध्या मोटारसायकलवर येतो. तसल्या गाड्या आमच्या गावात पन्नास आहेत, एक माझ्या दारात उभी आहे. त्याच्या आधी फोन येतो, आणि फोनला फटी नसतात. पण मी पळत नाही. कोण आहे ते बघतो, बाजेवर बसवतो आणि पाणी विचारतो.