आमच्यामागें लेंकराचें काय?

दिव्यांग बालकाच्या मातापित्यांस एकच चिंता अहोरात्र पोखरीत असते: आमच्यामागें लेंकराचें काय? आपल्या देशांत ह्या वाटेवर मातांनींच पुढें पाऊल टाकिलें. मेंदूच्या पक्षाघातानें पीडित बालकांसाठीं मिठू अलूर ह्यांनीं मुंबईंत १९७२ सालीं, व स्वमग्न बालकांसाठीं मेरी बरुआ ह्यांनीं दिल्लींत १९९१ सालीं संस्था स्थापिली. दोघीही अशाच बालकांच्या माता. पुढें १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानें, मूल प्रौढ झाल्यावर त्यास कायदेशीर पालक नेमून देण्याचा अधिकार स्थानिक समितीस दिला. ‘निरामय’ विमायोजनेंत उपचारांसाठीं एक लाख रुपयांपर्यंत साह्य मिळतें. मात्र दोहोंसाठीं अर्ज करावा लागतो. मातापित्यांनीं तो आपल्या हयातींतच करावा, आणि शेजाऱ्यांनीं त्यांच्यासवें कचेरीपर्यंत जावें, हेंच आमचें सांगणें.