डॉ. मार्विन मन्रो : कार्टूनमधला मनोविकारतज्ज्ञ आणि 'शॉक'ची भीती

अंबड (जि. जालना) : मनोविकारतज्ज्ञाचे नाव निघाले, की मराठी घरांत आजही 'ठाण्याला पाठवा' किंवा 'येरवड्याला न्या' हा विनोद हमखास होतो. त्यापाठोपाठ भीती येते ती 'शॉक'ची. तालुक्याच्या गावी अनेकांना असा डॉक्टर पहिल्यांदा भेटतो तो दवाखान्यात नव्हे, तर पडद्यावर. पडद्यावरील अशा पात्रांत सर्वाधिक गाजलेले एक पात्र म्हणजे 'द सिम्पसन्स' या अमेरिकी कार्टून मालिकेतील डॉ. मार्विन मन्रो.

१९८९ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या या मालिकेत स्प्रिंगफील्ड नावाच्या काल्पनिक शहरातील होमर सिम्पसन, त्याची पत्नी मार्ज आणि बार्ट, लिसा व मॅगी ही तीन मुले यांचे जीवन रंगविले आहे. डॉ. मन्रो प्रथम आले ते जानेवारी १९९० मध्ये, पहिल्याच पर्वात. कंपनीच्या सहलीत आपल्या कुटुंबाची शोभा झाल्याने खजील झालेला होमर दूरचित्रवाणीवर डॉक्टरांची जाहिरात पाहतो. गुण न आल्यास दुप्पट पैसे परत, अशी हमी तीत असते. शुल्क असते २५० डॉलर. त्यासाठी होमर घरचा टीव्हीच गहाण टाकतो.

उपचार की तमाशा?

डॉक्टर कुटुंबाला आधी चित्रे काढायला लावतात. मग फोम लावलेल्या काठ्यांनी एकमेकांवर राग काढायला सांगतात. दोन्ही उपाय फसल्यावर सर्वांना खुर्च्यांवर बसवून विजेच्या तारा जोडल्या जातात आणि प्रत्येकाच्या हाती दुसऱ्याला झटका देण्याची बटणे दिली जातात. हेतू असा, की दुखावल्यास वेदना होते हे सर्वांना कळावे. प्रत्यक्षात पाचही जण झटके देण्यात इतके रंगतात, की गावातील दिवे मंद होतात. हतबल डॉक्टर ५०० डॉलर परत करून त्यांना बाहेर काढतात आणि त्या पैशांतून नवा टीव्ही घेण्यासाठी कुटुंब आनंदाने निघते.

या विनोदाचा रोख आजारी माणसावर नाही. तो आहे उपचाराचा बाजार मांडणाऱ्यांवर आणि मनाच्या गुंत्यावर तासाभरात तोडगा देण्याच्या हमीवर. हे पात्र लॉस एंजलिस येथील रेडिओवर सल्ला देणारे मनोविकारतज्ज्ञ डॉ. डेव्हिड व्हिस्कॉट यांच्यावरून बेतलेले होते. हॅरी शिअरर यांनी त्याला आवाज दिला. परंतु त्या घोगऱ्या आवाजाने घशावर ताण येऊ लागल्याने पात्र हळूहळू मागे पडले. १९९५ मध्ये मालिकेत त्यांच्या नावाचे स्मारक रुग्णालय दिसले, तेव्हा प्रेक्षकांनी त्यांना मृत मानले. २००४ मध्ये मात्र ते अचानक अवतरले आणि आपण फार आजारी होतो, एवढाच खुलासा केला!

ऐकणारा डॉक्टर

याच्या अगदी उलट पात्र म्हणजे डॉ. कॅट्झ. १९९५ पासून 'कॉमेडी सेंट्रल' या अमेरिकी वाहिनीवर दाखविलेल्या या कार्टून मालिकेची रेषा सतत थरथरणारी होती. खुर्चीत बसून रुग्णांचे म्हणणे शांतपणे ऐकणाऱ्या डॉक्टरला जोनाथन कॅट्झ यांनी आवाज दिला आणि त्यासाठी त्यांना एमी पुरस्कार मिळाला. रुग्णांच्या भूमिकेत खरे विनोदवीर असत. मन्रो उपकरणे जोडतात, तर कॅट्झ ऐकतात. मानसोपचाराचे खरे काम बहुतांशी या दुसऱ्या चित्राच्या जवळचे आहे.

मराठी पडद्याने हा विषय बव्हंशी गांभीर्याने हाताळला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई'त (२००४) अतुल कुलकर्णी यांनी स्किझोफ्रेनियाचा रुग्ण साकारला. याच दिग्दर्शकद्वयाच्या नैराश्यावरील 'कासव'ला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. त्यात भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे हे तर स्वतःच मनोविकारतज्ज्ञ. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आपद्ग्रस्तांच्या मानसिक आरोग्यासाठी झालेल्या कामातही त्यांचा सहभाग होता.

झटक्याचे वास्तव

मन्रोंची खुर्ची पाहून हसणे वेगळे आणि तिच्या भीतीने उपचार टाळणे वेगळे. विद्युत उपचार आजही केले जातात, पण ते शिक्षा म्हणून नव्हे. तीव्र नैराश्य, आत्महत्येचा मोठा धोका किंवा रुग्णाने अन्नपाणी सोडणे अशा निवडक अवस्थांत तज्ज्ञ ते सुचवितात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार भूल व स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याविना हे उपचार करण्यास मनाई आहे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या संमतीबरोबरच मंडळाची पूर्वपरवानगीही लागते. मनोविकारतज्ज्ञाकडे जाणाऱ्या बहुसंख्य रुग्णांवर असे उपचार करण्याची वेळच येत नाही. संवाद, समुपदेशन आणि गरजेनुसार गोळ्या यांवरच भर असतो.

कोणाकडे जावे, याबाबतही गोंधळ असतो. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीनंतर या शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषधे तोच लिहून देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या व संवादोपचार करतो, तर समुपदेशक अडचणीतून वाट काढण्यास साह्य करतो. यांपैकी कोणीही 'हमखास गुण' येण्याची हमी देत असेल, तर तिथे डॉ. मन्रो आठवावेत.

मराठवाड्यापुढचा प्रश्न

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि त्यांतील बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे उभी राहिली, मराठवाड्याच्या वाट्याला एकही आले नाही. अंबडहून ठाणे साडेतीनशे किलोमीटरहून अधिक दूर. अलीकडच्या वर्षांत जालन्यासाठी अशा रुग्णालयास शासनाने मंजुरी दिली, ती याच पार्श्वभूमीवर. शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात २०१५ मध्ये मराठवाडा व विदर्भातील चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू झाला. त्यात आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन प्रश्नावलीद्वारे नैराश्याची लक्षणे टिपतात.

दवाखाना दूर आणि त्याचे नाव बदनाम, अशा स्थितीत घरचे लोक देवऋषी गाठतात. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे किंवा साखळदंडाने बांधणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला आहे. श्रद्धा आपल्या जागी असावी. झोप उडालेल्या, जेवण सोडलेल्या, मरणाची भाषा करणाऱ्या माणसाला मात्र डॉक्टरपर्यंत नेलेच पाहिजे. जिल्हा रुग्णालयांतून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम राबविला जातो. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या 'टेली मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते.

डॉ. मन्रोंच्या खुर्चीवर मनमुराद हसावे, कारण ती कार्टूनमधली आहे. खऱ्या दवाखान्यात रुग्णासमोर असते ती साधी खुर्ची, आणि तिच्यावर बसलेल्या डॉक्टरचा पहिला प्रश्न बहुधा 'काय त्रास होतोय?' एवढाच असतो.