प्रतिजैविके
प्रतिजैविके म्हणजे जीवाणूंना मारणारी किंवा त्यांची वाढ रोखणारी औषधे होत. बोलीभाषेत त्यांना अँटिबायोटिक असे म्हणतात. जीवाणूजन्य रोगांवर ती गुणकारी असतात. विषाणूजन्य रोगांवर मात्र त्यांचा परिणाम होत नाही.

कार्यपद्धती
पेनिसिलिन व त्या गटातील औषधे जीवाणूची पेशीभित्तिका तयार होऊ देत नाहीत. मानवी पेशींना अशी भित्तिका नसल्यामुळे त्यांना इजा होत नाही. टेट्रासायक्लिन, अॅझिथ्रोमायसिन इत्यादी औषधे जीवाणूतील प्रथिननिर्मिती थांबवतात. विषाणूंना पेशीभित्तिका किंवा स्वतःची प्रथिननिर्मितीची यंत्रणा नसते, त्यामुळे त्यांच्यावर ही औषधे निष्प्रभ ठरतात.

इतिहास
इ.स. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी लंडन येथे पेनिसिलिनचा शोध लावला. हॉवर्ड फ्लोरी व अर्न्स्ट चेन यांनी ऑक्सफर्ड येथे ते शुद्ध स्वरूपात मिळवले. १९४१ मध्ये तेथील एका रुग्णाला ते देण्यात आले. त्याची प्रकृती सुधारू लागली, परंतु औषधाचा साठा संपल्याने तो दगावला. या तिन्ही शास्त्रज्ञांना १९४५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स लिमिटेड या सरकारी कंपनीची स्थापना झाली.

सामान्य संसर्गांवरील उपचार
सर्दी-पडसे, फ्लू व डेंग्यू हे विषाणूजन्य रोग असल्यामुळे त्यांत प्रतिजैविकांचा उपयोग नसतो. घसादुखीही बहुतेक वेळा विषाणूंमुळेच होते. ती स्ट्रेप्टोकॉकस जीवाणूंमुळे झाली असल्यास मात्र पेनिसिलिन गटातील औषध आवश्यक असते, कारण उपचार न झाल्यास काही मुलांना संधिवाती ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात.

जुलाबात मुख्य उपचार जलसंजीवनीचा असतो; लहान मुलांना त्यासोबत जस्ताच्या गोळ्या देतात. रक्ती आव व तीव्र पटकी यांत प्रतिजैविके दिली जातात. जीवाणूजन्य न्यूमोनिया, विषमज्वर व मूत्रमार्गाचा संसर्ग यांतही ती लागतात. योग्य औषध निवडण्यासाठी रक्ताची किंवा लघवीची कल्चर तपासणी उपयोगी पडते.

प्रतिरोध
जीवाणूंमध्ये जनुकीय बदल होऊन काही जीवाणू औषधाला दाद देत नाहीत. औषधामुळे इतर जीवाणू मरतात, हे मात्र टिकून वाढतात व आपली प्रतिरोधी जनुके इतर जीवाणूंनाही देऊ शकतात. गरज नसताना, अपुऱ्या मात्रेत किंवा उरलेल्या गोळ्या परस्पर घेतल्याने ही प्रक्रिया वेग घेते. अपुऱ्या मात्रेच्या धोक्याचा इशारा फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल व्याख्यानातच दिला होता. पशुपालनातील अतिवापर हेही एक कारण आहे. एका जागतिक अंदाजानुसार २०१९ मध्ये सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट प्रतिरोधी जीवाणूंमुळे झाले. प्रतिरोध वाढल्यास शस्त्रक्रिया, प्रसूती व कर्करोगावरील उपचारही धोक्याचे होतात, कारण त्यांत संसर्ग रोखण्यासाठी याच औषधांचा आधार असतो.

भारतातील नियमन
डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय प्रतिजैविके विकण्यास कायद्याने मनाई आहे. अशा औषधांच्या वेष्टनावर लाल उभी रेघ असते. २०१४ पासून लागू असलेल्या 'एच१' अनुसूचीतील औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद औषधविक्रेत्याला तीन वर्षे जपून ठेवावी लागते. क्षयरोगावरील औषधे व काही प्रभावी प्रतिजैविके या अनुसूचीत आहेत.