पुणे फिरायचंय, पण हलाल जेवण आणि नमाजची सोय कशी जमवायची? समजून घ्या सोप्या भाषेत

समजा, एक मुस्लिम कुटुंब तीन दिवसांसाठी पुण्यात आलंय. सोबत आजी आहे, दोन लहान मुलं आहेत. शनिवारवाडा, आगाखान पॅलेस, सिंहगड अशी यादी तयार आहे. पण पहिल्याच दुपारी प्रश्न पडतो, समोरच्या हॉटेलातलं चिकन हलाल आहे का? तासाभराने दुसरा प्रश्न, जोहरची नमाज कुठे पढायची?

पुण्यात अशा प्रवाशाला उपाशी राहावं लागत नाही आणि नमाजही चुकवावी लागत नाही. फक्त कुठे काय मिळतं, कुठे विचारावं लागतं आणि कुठे काय टाळायचं, हे आधी माहीत असलं पाहिजे.

'हलाल-फ्रेंडली' म्हणजे नेमकं काय?

'हलाल' हा अरबी शब्द. त्याचा अर्थ आहे इस्लामनुसार परवानगी असलेलं. याच्या उलट 'हराम' म्हणजे मनाई असलेलं. डुकराचं मांस आणि दारू वर्ज्य आहेत. कोंबडी, बकरा यांसारख्या प्राण्यांचं मांस चालतं, पण अल्लाहचं नाव घेऊन गळ्याची नस कापलेली हवी आणि रक्त वाहून गेलेलं हवं. या पद्धतीला जबिहा म्हणतात.

पर्यटनाच्या संदर्भात मात्र हा शब्द फक्त ताटापुरता राहत नाही. वजूसाठी पाणी, नमाजसाठी स्वच्छ जागा, दारू नसलेलं वातावरण आणि कुटुंबाला मोकळेपणाने वावरता येणं, हे सगळं त्यात येतं. मलेशियासारख्या देशाने याच सोयींवर मोठा पर्यटन व्यवसाय उभा केलाय. पुण्यात ही व्यवस्था शहराच्या जुन्या वस्त्यांमध्ये आहे, पण ती एकत्र मांडलेली सापडत नाही.

पाटीवर लिहिलेलं नसेल तर ओळखायचं कसं?

भारतात पाकिटावरचा हिरवा ठिपका शाकाहार दाखवतो आणि तपकिरी त्रिकोण मांसाहार. मांस हलाल आहे की नाही, हे या खुणांवरून कळत नाही. हलाल प्रमाणपत्र खासगी संस्था देतात आणि गल्लीतल्या खानावळीकडे ते असेलच असं नाही.

महाराष्ट्रात याला एक जुनी पार्श्वभूमी आहे. गावगाड्यात बकरं कापण्याचं काम अनेक ठिकाणी मुलाण्याकडे असायचं. गावजत्रेत हिंदू घरांसाठीही तोच बकरं कापायचा. त्यामुळे 'इथलं मटण हलालच असणार' असं अनेक जण गृहीत धरत आले. आता तसं धरता येत नाही. मार्च २०२५ मध्ये राज्यात झटका मटण विकणाऱ्या हिंदू खाटिकांसाठी 'मल्हार' प्रमाणपत्राची घोषणा झाली. पुरवठा वेगवेगळ्या ठिकाणांहून होतो आणि प्रत्येक हॉटेल आपापल्या पद्धतीने मांस घेतं.

म्हणून सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे गल्ल्यावर विचारणं. "मटण हलाल आहे का?" हा प्रश्न पुण्यातल्या मांसाहारी हॉटेलांना नवा नाही. स्पष्ट उत्तर मिळालं नाही तर शाकाहारी किंवा मासे मागवावेत. माशांना जबिहाची अट लागू होत नाही. फक्त मासे आणि चिकन एकाच तव्यावर किंवा तेलात तळतात का, तेवढं विचारून घ्यावं.

आणखी एक खूण पाटीवरच असते. 'परमिट रूम' किंवा 'बार अँड रेस्टॉरंट' लिहिलं असेल तर तिथे दारू मिळते. 'शुद्ध शाकाहारी' हॉटेलात मांसाचा प्रश्नच येत नाही. मिसळ, थालीपीठ, पुरणपोळी, साबुदाण्याची खिचडी हे सगळं निश्चिंतपणे खाता येतं.

कोणत्या भागात काय मिळतं?

मांसाहारासाठी तीन भाग लक्षात ठेवावेत.

कॅम्प: १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत पेशव्यांचा पराभव झाला. त्यानंतर इंग्रजांनी वसवलेली ही छावणी. मुस्लिम, पारशी, ज्यू, ख्रिश्चन अशा सगळ्यांची वस्ती इथे जवळजवळ राहिली. बिर्याणी, कबाब, खिमा आणि इराणी चहा यासाठी पुणेकर इथेच येतात. मशिदीही चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

कोंढवा: कौसरबाग आणि आसपासचा परिसर ही शहरातली मोठी मुस्लिम वस्ती आहे. मुक्कामासाठी हा भाग सोयीचा पडतो, कारण मशीद आणि हलाल हॉटेलं दोन्ही हाकेच्या अंतरावर मिळतात.

मोमीनपुरा: गंज पेठेतला हा भाग रमजानमध्ये रात्री उशिरापर्यंत जागा असतो. इफ्तारनंतर इथे सगळ्या धर्मांचे खवय्ये गर्दी करतात. गाडी दूर लावून चालत जाणंच बरं.

पेठांच्या भागात, म्हणजे शनिवारवाडा, तुळशीबाग आणि मंडईच्या आसपास, शाकाहारी हॉटेलं जास्त आहेत. तिथे फिरताना दुपारचं जेवण शाकाहारी आणि रात्रीचं जेवण कॅम्पात, अशी वाटणी केली तर शोधाशोध वाचते.

नमाज कुठे पढायची, कुठे नाही?

हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये शनिवारवाड्याच्या आवारात काही महिला नमाज पढत असल्याचा व्हिडिओ पसरला. त्यावरून मोठा राजकीय वाद झाला आणि पोलिसांत गुन्हाही नोंदवला गेला.

शनिवारवाडा हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकांना १९५८ चा कायदा आणि १९५९ चे नियम लागू होतात. संरक्षण मिळालं तेव्हा ज्या स्मारकात उपासना चालू नव्हती, तिथे ती नव्याने सुरू करता येत नाही, अशी खात्याची भूमिका आहे. ती कोणत्याही एका धर्मापुरती नाही. घाईच्या प्रवासात 'कोपऱ्यात दोन मिनिटं' असं वाटणं साहजिक आहे, पण त्यातून कुटुंब अडचणीत येऊ शकतं. त्यामुळे नमाज मशिदीत किंवा मुक्कामाच्या खोलीतच पढावी.

यात प्रवाशाला एक सवलतही आहे. लांबच्या प्रवासात चार रकातांची फर्ज नमाज दोन रकातांची करता येते. याला कसर म्हणतात. किती अंतरापासून ही सवलत लागू होते, याबद्दल वेगवेगळ्या पंथांची मतं वेगळी आहेत. पुण्याहून किब्ल्याची दिशा जवळपास पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेली आहे.

महिलांनी मात्र मशिदीत वेगळी सोय आहे का, हे आधी विचारून घ्यावं. सगळीकडे ती नसते. याच प्रश्नावर पुण्यातलं एक दाम्पत्य २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. त्यावर मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २०२० मध्ये प्रतिज्ञापत्र दिलं आणि महिलांना मशिदीत नमाज पढण्याची मुभा असल्याचं सांगितलं. प्रत्यक्षात बऱ्याच जुन्या मशिदींमध्ये स्वतंत्र जागाच नसते. म्हणून घरातल्या बायकांना दुपारी खोलीवर परतता येईल, असा दिवस आखलेला बरा.

वारसा पाहायचा तर मस्तानीची वाट धरा

पुण्याचा इतिहास पेशव्यांचा म्हणून सांगितला जातो. त्यात मुस्लिम प्रवाशाला जवळची वाटेल अशी एक वाट आहे, मस्तानीची.

सुरुवात शनिवारवाड्यापासून करावी. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी याचा पाया घातला. १८२८ च्या आगीत आतल्या इमारती जळाल्या, त्यामुळे आज तटबंदी, दरवाजे आणि जोती एवढंच दिसतं. त्यातल्या एका दरवाजाचं नाव मस्तानी दरवाजा. त्यालाच अलिबहादूर दरवाजाही म्हणतात. अलिबहादूर हा मस्तानीचा नातू. त्याचे वडील समशेरबहादूर हे बाजीराव-मस्तानीचे पुत्र. ते मुस्लिम म्हणून वाढले आणि १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढताना झालेल्या जखमांमुळे वारले.

पुढचा टप्पा राजा दिनकर केळकर संग्रहालय. कोथरूडमधल्या मस्तानी महालाचे अवशेष आणून ते दालन इथे पुन्हा उभं केलंय. नंतर मस्तानी प्यायलाही हरकत नाही. घट्ट दूध आणि आइस्क्रीमचं हे पुणेरी पेय दारूशिवायचंच असतं.

वाट संपते पाबळला. शिरूर तालुक्यातल्या या गावात मस्तानीची कबर आहे. कोणी तिला समाधी म्हणतं, कोणी मजार. पुण्याहून अंतर साधारण ६० किलोमीटर.

कॅम्प आणि आगाखान पॅलेस

कॅम्पात हजरत बाबाजान यांचा दर्गा आहे. या सूफी संत महिला वर्षानुवर्षं इथल्या चार बावडी भागात कडुनिंबाखाली बसत. १९३१ मध्ये त्यांचं निधन झालं. मोलेदिना रस्त्यावर लाल विटांचं 'लाल देऊळ' दिसतं. नाव देऊळ असलं तरी ते डेव्हिड ससून यांनी बांधलेलं ज्यू प्रार्थनागृह आहे. बांधकाम १८६७ मध्ये पूर्ण झालं.

नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेस १८९२ मध्ये इस्माइली मुस्लिमांचे इमाम तिसरे आगाखान यांनी बांधला. दुष्काळाने गांजलेल्या लोकांना काम मिळावं, हा त्यामागचा हेतू सांगितला जातो. १९४२ च्या 'छोडो भारत' आंदोलनात महात्मा गांधींना इथेच कैदेत ठेवलं होतं. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा यांचं निधन याच वास्तूत झालं. दोघांच्या समाध्या आवारात आहेत. १९६९ मध्ये चौथ्या आगाखानांनी ही वास्तू देशाला दिली. मेट्रोचं कल्याणीनगर स्थानक इथून जवळ पडतं.

एका दिवसात निसर्ग कुठे पाहता येईल?

सिंहगड: पुण्याहून तीसेक किलोमीटर. वाटेत खडकवासल्याचं पाणी दिसतं. गडावर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही मिळतं. हे सगळं शाकाहारी, त्यामुळे जेवणाची चिंता नाही. दुपारच्या आत खाली उतरलं तर जोहर शहरात सापडते.

खेड शिवापूर: सातारा रस्त्यावर साधारण २५ किलोमीटर. इथे कमर अली दरवेश यांचा दर्गा आहे. ११ जणांनी एकेक बोट लावून जड दगड उचलण्याच्या प्रथेसाठी तो ओळखला जातो. सर्व धर्मांचे लोक इथे येतात. सिंहगडासोबत एकाच दिवसात जमतो.

जुन्नर आणि शिवनेरी: साधारण ९५ किलोमीटर. छत्रपती शिवाजी महाराजांचं हे जन्मस्थान जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. गडावर कमानी मशीद आहे. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचा कारभार सुरुवातीला जुन्नरमधून चालायचा. गावाजवळच्या हापूसबागेत त्या काळच्या वास्तुकलेची आठवण देणारा सौदागर घुमट पाहता येतो. गडावरची मशीद पाहण्यापुरती, नमाज मात्र जुन्नर गावातल्या मशिदीत.

भिगवण: सोलापूर रस्त्यावर साधारण १०० किलोमीटर. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत रोहित पक्षी उतरतात. कुंभारगावातून पहाटे होड्या निघतात. भिगवणची माशांची हॉटेलं प्रसिद्ध आहेत, म्हणजे जेवणाचा प्रश्न इथेही सुटतो.

पावसाळ्यात हे विसरू नका

पावसाळ्यात लोणावळा आणि ताम्हिणी घाट सगळ्यांना खुणावतात. पण ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्यातल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. डोंगरात पाऊस पडला की पाणी काही मिनिटांत वाढतं. मुलं आणि वयस्कर माणसं सोबत असतील तर प्रवाहात उतरू नये. प्रशासनाने बंद केलेल्या ठिकाणी जाऊ नये.

तीन दिवसांचा आराखडा

पहिला दिवस: सकाळी शनिवारवाडा आणि केळकर संग्रहालय, दुपारी पेठेत शाकाहारी जेवण, संध्याकाळी कॅम्प, बाबाजान दर्गा आणि तिथेच हलाल जेवण.

दुसरा दिवस: पहाटे सिंहगड, परतताना खेड शिवापूर, रात्री कोंढव्यात जेवण.

तिसरा दिवस: हिवाळा असेल तर भिगवण. नाहीतर सकाळी आगाखान पॅलेस आणि तिथून पाबळ.

यातला एखादा दिवस शुक्रवार असेल तर दुपारची वेळ जुम्यासाठी मोकळी ठेवा. त्या दिवशी लांबच्या सहलीऐवजी कॅम्प आणि आगाखान पॅलेस करा. स्मारकांच्या वेळा आणि सुट्ट्या बदलतात, त्या निघण्याआधी एकदा तपासून घ्या.