नळी आधी, रस्ता नंतर : इंडियन ह्यूम पाइपची शंभर वर्षांची वाटचाल

परभणीकडे कुठेही रस्त्याचे काम निघाले, की काठावर करड्या सिमेंटच्या नळ्यांची रांग लागते. गवंडी, मुकादम, सरपंच, सगळे त्यांना 'ह्यूम पाइप' म्हणतात. ओढ्यात त्या ओळीने मांडून वर भराव टाकला, की नळकांडी पूल उभा राहतो. 'ह्यूम' हे एका माणसाचे आडनाव. ते आपल्या बोलण्यात रुजवणाऱ्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीच्या स्थापनेला 2026 मध्ये शंभर वर्षे होत आहेत.

वॉल्टर ह्यूम ऑस्ट्रेलियाचे. 1910 मध्ये त्यांनी फिरत्या साच्यात काँक्रीटची नळी घडवण्याची रीत शोधली. सळ्यांचा गोल पिंजरा साच्यात बसवायचा, आडवा साचा वेगाने फिरवायचा आणि तो फिरत असतानाच ओले काँक्रीट आत सोडायचे. त्या जोराने काँक्रीट साच्याच्या अंगाला घट्ट बसते, जादा पाणी आतल्या बाजूला सुटते आणि मधली पोकळी गुळगुळीत निघते. मग साच्यातून काढून नळीवर पाणी मारत राहायचे. ताकद तिथेच येते.

ही रीत आपल्याकडे रुजवली वालचंद हिराचंद यांनी. 1882 मध्ये सोलापुरात जन्मलेल्या या माणसाच्या ठेकेदारीचा श्रीगणेशा रेल्वेच्या कामाने झाला होता. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटकांशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा ठेका घेतला. पुढे मोठमोठी बांधकामे हाती घेतल्यावर 1926 मध्ये इंडियन ह्यूम पाइपची स्थापना झाली. मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधले 'कन्स्ट्रक्शन हाउस' हे तिचे मुख्य ठिकाण.

जड नळी लांबून वाहून आणणे परवडत नाही. म्हणून एकाच मोठ्या कारखान्यावर न विसंबता कामाच्या जवळपास कारखाना उभारण्याची पद्धत कंपनीने अंगीकारली. 1953 मध्ये वालचंदशेठ गेले, तरी काम थांबले नाही. गावोगावच्या पाणीपुरवठ्यासाठी दाब सोसणाऱ्या नळ्या आल्या, ताण दिलेल्या तारांच्या प्रीस्ट्रेस्ड नळ्या आल्या, रेल्वेचे काँक्रीट स्लीपरही आले. आज फिरत्या साच्याच्या नळ्या देशभर कितीतरी कारखाने बनवतात. भारतीय मानक 458 त्यांचे वर्ग ठरवून देते : हलक्या रहदारीला एनपी टू, मध्यम रहदारीला एनपी थ्री, जड रहदारीला एनपी फोर.

पाण्यासाठी जन्मलेली ही नळी पुढे केबलचे कवच झाली. ते का, हे परभणीत नीट समजते. निजामाच्या काळात मनमाड–हैदराबाद मीटरगेज परभणीवरून गेली, तेव्हा तारयंत्राच्या तारा रुळांशेजारी खांबांवरून जात. पुढे ब्रॉडगेज झाले, 2003 मध्ये रेल्वेचा नांदेड विभाग झाला, परभणी–मुदखेड मार्गाचे दुहेरीकरण झाले आणि वर पंचवीस हजार व्होल्टची तार आली. एवढ्या दाबाच्या तारेशेजारी उघड्या दूरसंचार तारा चालत नाहीत. त्यांच्यात नको ती वीज उतरते. त्यामुळे सिग्नलच्या आणि संदेशाच्या केबली जमिनीखाली गेल्या.

आणि आपली जमीन म्हणजे काळी माती. मृगाच्या पावसात ती फुगते. उन्हाळ्यात आकसून इतकी भेगाळते, की बोटे सहज आत जावीत. वर्षानुवर्षे या ओढाताणीत सापडलेल्या केबलच्या सांध्याचे काय होईल, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. मोकळ्या चरात हलके प्लास्टिकचे डक्ट बरेच काम भागवतात. पण जिथे डोक्यावरून मालगाडी किंवा उसाने भरलेली ट्रॉली जाणार, तिथे भार झेलायला काँक्रीटचे कवच भक्कम. स्टेशनात, पुलावर, मेट्रोच्या मार्गावर यू आकाराच्या तयार पन्हळी बसवतात. वरची झाकणे उचलली की केबल समोर.

नळीतून केबल ओढण्याचे काम पाहण्यासारखे असते. नळी पुरतानाच आत दोर घालून ठेवतात. वेळ आली की दोराच्या टोकाला केबल बांधायची, पलीकडून चार माणसांनी ओढायची, अलीकडून एकाने हाताने सोडत राहायचे. रूळ हलत नाही, डांबर फुटत नाही, रहदारी थांबत नाही. दोर नसेल, तर आधी दोर पलीकडे पोचवायलाच खटपट पडते. नळीच नसेल, तर परवा झालेला रस्ता आज खोदायचा. जेसीबीच्या दातात शेजारची जुनी केबल आली, की स्टेशनातले सिग्नल नाही तर गावातला फोन बंद.

परभणीवरून कल्याण–निर्मल हा 61 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जातो. पाथरी, मानवत त्याच वाटेवर. गावांतले रस्तेही आता काँक्रीटचे होत आहेत, आणि काँक्रीट एकदा फोडले की पूर्वीसारखे जुळत नाही. म्हणून या शताब्दीच्या निमित्ताने मागणे एवढेच : केबल जिथे रस्ता किंवा रूळ ओलांडते, अशा प्रत्येक ओलांडणीच्या अंदाजपत्रकात आजच्या केबलच्या नळीशेजारी आणखी एक रिकामी नळी धरावी, तिच्यात दोर घालून ठेवावा, दोन्ही तोंडे बुजवावीत आणि वर खुणेचा दगड रोवावा. दहा वर्षांनी येणारा कामगार तो दगड शोधेल, तोंड मोकळे करेल आणि दोराचे टोक हातात घेईल.