फासेपारधी

महाराष्ट्रातील शिकारी भटकी जमात. अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील श्रीगोंदा, कर्जत व जामखेड तालुक्यांत यांच्या वस्त्या आहेत. फासे लावून तितर, लावे धरणे हा मूळ व्यवसाय. बोली वाघरी, गुजरातीच्या जवळची.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रज सरकारने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. १९११ च्या कायद्याने त्याची पकड मुंबई इलाख्यातील पारध्यांवरही बसली. नोंद झालेल्यांना पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागे, परवान्याशिवाय गाव सोडता येत नसे. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये (बंदिस्त वसाहतीत) तर तारेच्या कुंपणाआड संसार मांडावे लागले आणि तिथली माणसे गिरण्यांत मजूर म्हणून राबली. तान्ह्या मुलालाही गुन्हेगार मानणारा हा कायदा उघड अन्याय होता.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. संशय मात्र राहिला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आली, पण बदल्यात जमीन मिळाली नाही. राज्यात पारधी अनुसूचित जमातींत मोडतात. तरी रहिवासाच्या पुराव्याअभावी जातीचा दाखला मिळवणेच कठीण जाते. गावात चोरी झाली की पोलीस आजही आधी पारधी पालावर येतात. दुसरीकडे यमगरवाडीच्या (ता. तुळजापूर) निवासी शाळेत पारधी मुले शिकतात.