घराजवळचे विषारी साप: काय करावं, काय टाळावं

पाऊस लागला की बिळांत पाणी शिरतं आणि साप कोरडी जागा शोधत घराकडे सरकतात. आपल्याशी त्यांचं काही वैर नसतं. त्यांना उंदीर, बेडूक आणि आडोसा हवा असतो. म्हणून आधी उंदरांचा बंदोबस्त करा.

महाराष्ट्रात जिवाला सर्वांत जास्त धोका चार सापांचा: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. घोणस जाड असते, कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. फुरसे लहान असतं, कोकणात दगडांखाली फार सापडतं. मण्यार काळी चकचकीत, अंगावर पांढरे आडवे पट्टे.

मण्यारीपासून जास्त सांभाळा. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, सूज येत नाही, कधी खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास अडकतो. असं झालं तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून थांबू नका.

घरात एवढं पाळा

- खाटेवर झोपा. जमिनीवर झोपायचं तर मच्छरदाणी लावून कडा गादीखाली खोचा.
- सरपण, विटा, भंगार भिंतीला लागून रचू नका.
- दाराखालची फट आणि मोरीचं भोक जाळीने बंद करा.
- फजरला उठताना आधी टॉर्च लावा. चपला झटकून घाला.
- साप दिसला तर लांबून नजर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरवर किंवा सर्पमित्राला फोन करा. काठी उचलू नका.

साप चावला तर

माणसाला धीर द्या, चालवू नका. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा. हात-पाय हलू देऊ नका. करकचून बांधणं, चिरणं, रक्त चोखणं, सगळं चूक. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना गाठा. साप मारून नेण्याची गरज नाही. या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते.

झाडफूक करून बरे झालेले लोक दिसतात, कारण पुष्कळ साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. पण विष अंगात गेलं असेल, तर त्यावर इलाज लसीचाच. तेव्हा दुआ जरूर करा, पण दवाखान्याच्या वाटेवर.